सलग सहा मॅच हरलो, आता कोच बदलायचा का?

प्रश्न: आमचा ऐरोलीचा छोटा फुटबॉल क्लब आहे. सीनियर टीम लीगमध्ये सलग सहा मॅच हरली. रविवारी कमिटीची बैठक आहे आणि कोचला नारळ द्यायचा ठराव येणार आहे. सगळ्यांचं म्हणणं एकच, मँचेस्टर युनायटेड बदलतं, चेल्सी बदलतं, आपली मुंबई सिटीसुद्धा बदलते, मग आपण का नाही? कोच बदलल्याने खरंच फरक पडतो का? मी खजिनदार आहे. मतं सम-समान झाली तर माझ्या मतावर निर्णय होईल. सरावासाठी आम्ही भाड्याचा टर्फ घेतो. कोचचं दोन महिन्यांचं मानधन द्यायचं राहिलंय, तेही सांगून ठेवतो.

उत्तर:

आधी माझं मत सांगतो, कारणं मागून. तुम्ही दिलेल्या माहितीवर मी कोच बदलणार नाही. सहा पराभव एवढं एकच कारण मला पुरेसं वाटत नाही. कोचला काढावं अशी दुसरी कारणं असतात आणि त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय. त्यातलं एखादं तुमच्याकडे असेल तर रविवारचीही वाट बघू नका.

मी नेरूळ-वाशी भागात चोवीस वर्षं फुटबॉल शिकवतोय. या काळात दोन क्लबांनी मला काढलं, आणि तीन वेळा काढलेल्या कोचच्या जागी मी गेलो. त्या तीनपैकी एक वेळ तुम्हाला मुद्दाम सांगतो. टीम पाच मॅच हरलेली होती. मी आलो आणि पुढच्या चारपैकी तीन जिंकलो. कमिटीने माझा सत्कार केला, शाल-श्रीफळ दिलं. घरी येऊन मी मॅचचे कागद काढले. आधीच्या कोचच्या वाट्याला पाचपैकी चार मॅच टेबलमधल्या वरच्या टीमशी आल्या होत्या, माझ्या वाट्याला तळाच्या. मधल्या फळीतली दोन मुलं बारावीची प्रीलिम संपवून नुकतीच परत आली होती. मुख्य डिफेंडरच्या पायाचं प्लास्टर मी येण्याच्या आठवड्यातच निघालं होतं. आणि तीन विजयांतले दोन गोल ज्या कॉर्नरवर झाले, तो कॉर्नर त्या काढलेल्या कोचनेच मुलांकडून घोटून घेतला होता. मी त्याला फोन करून हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

‘नव्याची नवलाई नऊ दिवस’ आपण सहज म्हणतो, पण फुटबॉलमध्ये ती मोजून पाहिलेली आहे. बास तेर वील या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या लीगचे १९८६ ते २००४ या काळातले निकाल तपासले. ज्या क्लबांनी खराब निकालांनंतर कोच काढला त्यांची कामगिरी पुढे सुधारली, हे खरं. पण ज्या क्लबांची तशीच घसरण झाली होती आणि तरीही ज्यांनी कोच ठेवला, तेही जवळपास तसेच सावरले. घसरगुंडी तळाला पोचली की टीम वर यायला लागते. जखमी खेळाडू परततात, खांबाला लागून बाहेर जाणारे चेंडू आत जायला लागतात, सोप्या मॅच येतात. त्या वेळी बाकावर जो कोच बसलेला असतो त्याचं नाव होतं. म्हणून नवा कोच आल्यावर तुम्ही दोन मॅच जिंकलात, तर त्यावरून निर्णय बरोबर होता असं ठरत नाही. कमिटीला मात्र तसंच वाटेल, आणि पुढच्या घसरणीला पुन्हा कोचचाच बळी जाईल.

युरोपाचा दाखला देणाऱ्यांना एक मॅच सांगा. जानेवारी १९९०, एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची तिसरी फेरी, नॉटिंगहॅम फॉरेस्ट विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. युनायटेडच्या बाकावर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. १९८६ च्या नोव्हेंबरपासून ते तिथे होते, एकही ट्रॉफी नव्हती, त्या मोसमात युनायटेड लीगमध्ये शेवटी तेराव्या नंबरावर राहिलं. समोर ब्रायन क्लफ. त्यांनी दुसऱ्या डिव्हिजनमधला फॉरेस्ट उचलून १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता केला होता आणि १९७९ व १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) आणला होता. मार्क रॉबिन्सच्या एका गोलवर युनायटेड जिंकलं, पुढे तो कपही त्यांनीच घेतला. आता तीन वर्षं पुढे या. १९९२-९३ चा मोसम, प्रीमियर लीगचा पहिलाच. युनायटेड विजेता, २६ वर्षांनी. फॉरेस्ट तळाला, खालच्या डिव्हिजनमध्ये, आणि क्लफ अठरा वर्षांनंतर निवृत्त.

ही गोष्ट मी प्रत्येक नव्या कोचला सांगतो, कारण तिच्यातून दोन्ही बाजू दिसतात. फर्ग्युसनना वेळ दिला ते बरोबर ठरलं. क्लफना दिलेला वेळ शेवटी जास्त झाला. संयम ठेवा, फर्ग्युसनना ठेवला तसा, असं म्हणणारे लोक ज्या कोचना वेळ देऊनही काही झालं नाही त्यांची नावं घेत नाहीत, कारण ती कुणाच्या लक्षातच राहिलेली नसतात. मग फरक कशात होता? माझ्या समजुतीप्रमाणे, फर्ग्युसनच्या वाईट वर्षांतही खाली काहीतरी बांधलं जात होतं. त्यांनी तरुण मुलांची व्यवस्था नव्याने उभी केली आणि १९९२ चा एफए यूथ कप जिंकणाऱ्या युनायटेडच्या पोरांमध्ये पुढे मोठे खेळाडू झालेले गिग्ज, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल होते. टेबल बघणाऱ्याला हे दिसत नव्हतं. रोज सरावाला जाणाऱ्याला दिसत होतं.

क्लफबद्दल आणखी एक. १९७४ मध्ये ते लीड्सला गेले आणि ४४ दिवसांत बाहेर पडले. त्या वेळी पीटर टेलर त्यांच्याबरोबर नव्हते, ते ब्रायटनला थांबले होते. टेलर म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, क्लफचे डोळे. डर्बीला १९७२ ची लीग जिंकून देताना दोघं बरोबर होते. १९७६ मध्ये टेलर फॉरेस्टला आले आणि त्यानंतरच फॉरेस्टचे ते सगळे कप आले. एकाच माणसाला लीड्समध्ये ४४ दिवस आणि फॉरेस्टमध्ये युरोपियन कप. तुमच्या कोचच्या शेजारी कोण उभं असतं? असिस्टंट आहे का? की पाण्याच्या बाटल्या, प्रथमोपचाराची पेटी, रजिस्ट्रेशनचे कागद आणि पंचांशी बोलणं हे सगळं तो एकटाच करतो?

फर्ग्युसन २०१३ मध्ये गेले. त्याच उन्हाळ्यात क्लबचा कारभार पाहणारे डेव्हिड गिलही गेले, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. डेव्हिड मोयेसना सहा वर्षांचा करार मिळाला आणि दहा महिन्यांत त्यांची गच्छंती झाली. मग व्हॅन गाल, त्यांनी २०१६ चा एफए कप जिंकला आणि दोनच दिवसांत त्यांना निरोप मिळाला. मग मोरिन्हो, सोल्शार, टेन हॅग. इतके बदलूनही २०१३ नंतर लीग एकदाही आली नाही आणि २०२४-२५ मध्ये युनायटेड पंधराव्या नंबरावर होतं. कमिटीत युनायटेडचं नाव घेणाऱ्यांना एवढंच विचारा की बदलून त्यांना काय मिळालं.

ट्रॉफीसुद्धा कोचला वाचवत नाही. क्लाउडिओ रानिएरींनी २०१६ मध्ये लेस्टरला इंग्लंडचा विजेता केलं, मोसमाच्या सुरुवातीला सट्टेवाले त्यावर एकास पाच हजार देत होते. नऊ महिन्यांत त्यांना काढलं. अँजे पोस्टेकोग्लूंनी २०२५ मध्ये टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली, सतरा वर्षांतली पहिली ट्रॉफी. सोळा दिवसांत गेले. लीगमध्ये टीम सतरावी होती, त्यामुळे तो निर्णय मला अन्यायाचा वाटत नाही. पण पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्यांना घेतलं आणि ३९ दिवसांत काढलं, ते मात्र माझ्या मते क्लबचं अपयश आहे. एकोणचाळीस दिवसांत माणूस ओळखता येत नसेल तर घेण्याआधी तुम्ही त्याच्याबद्दल नेमकं काय विचारलं होतं?

आता घराजवळ येतो, कारण मुंबई सिटीचा दाखला कमिटीत सगळ्यात जास्त चालेल. २०१४ मध्ये हा क्लब सुरू झाला तेव्हा त्यांचं मैदान आपलं नेरूळचं डी. वाय. पाटील होतं. त्या ऑक्टोबरात पुणे सिटीला ५-० ने हरवलं त्या संध्याकाळी मी माझ्या अकरा मुलांना घेऊन तिथे होतो. आंद्रे मोरित्झने हॅट्रिक केली, आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) पहिली. एवढं होऊनही पीटर रीड यांची टीम आठात सातवी आली. पुढच्या वर्षी निकोलस अनेल्का खेळाडूही आणि मॅनेजरही, टीम सहावी. तिसऱ्या वर्षी अलेक्झांड्रे गिमारेस आले, तेव्हा कुठे लीगमध्ये पहिला नंबर दिसला. मग जोर्जे कोस्टा. प्रत्येक जण आपली पद्धत, आपले परदेशी खेळाडू घेऊन यायचा. जे एक जण बांधायचा ते दुसरा मोडायचा.

२०१९ च्या शेवटी मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२० मध्ये सर्जियो लोबेरा आले. ते कुठून आले हे बघा. २०२० च्या जानेवारीच्या शेवटी एफसी गोवाने त्यांना काढलं होतं, लीगच्या फक्त तीन मॅच उरल्या असताना, टीम टेबलच्या वरच्या टोकाला असताना. गोव्याने क्लिफर्ड मिरांडांच्या हाताखाली उरलेल्या तिन्ही मॅच जिंकल्या, त्यातली एक मुंबईविरुद्ध ५-२, आणि लीग शील्ड, म्हणजे टेबलमधल्या पहिल्या नंबराची ट्रॉफी, घेतलं. म्हणजे काढणारे बरोबर ठरले? पण पुढच्याच मोसमात लोबेरांनी मुंबई सिटीला शील्ड आणि कप (वरच्या टीमच्या प्लेऑफमधलं विजेतेपद) दोन्ही जिंकून दिले, असं आयएसएलमध्ये त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. मग काढलेला बरोबर ठरला? मी यावर खूप विचार केलाय. गोव्याची टीम लोबेरांनी तीन वर्षं घडवलेली होती, ती तीन मॅच कुणाच्याही हाताखाली खेळली असती. आणि मुंबईत लोबेरांबरोबर गोव्यातले जाहूह, बूमूस, फॉल आणि मंदार राव देसाई हेही आले. कोच एकटा आलाच नव्हता, निम्मी टीम आली होती. तुमच्या नव्या कोचबरोबर कोण येणार आहे?

लोबेरांनंतर डेस बकिंगहॅम आले आणि पहिल्याच मोसमात टीम पाचवी, प्लेऑफच्या बाहेर. विजेत्या क्लबला हे झोंबणारं होतं. त्यांना ठेवलं. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं, त्या स्पर्धेच्या गटात भारतीय क्लबचा तो पहिला विजय. पुढच्या मोसमात सलग अठरा मॅच न हरता शील्ड. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऐन मोसमात ते इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. पेत्र क्रात्की आले आणि ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ ने हरवून कप आणला. बदल झाला तरी टीम विस्कटली नाही, कारण बकिंगहॅम आणि क्रात्की दोघंही त्याच ग्रुपच्या मेलबर्न सिटीत सहायक म्हणून काम करून आलेले, एकाच पद्धतीत तयार झालेले. बदल करायचाच तर असा, क्लबला आपण कसं खेळतो हे माहीत असताना. ऑक्सफर्डने बकिंगहॅमच्या हाताखाली सहा महिन्यांत वरची डिव्हिजन गाठली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांना काढलं, हेही नोंदवून ठेवा.

आणि खालिद जमील. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी असं मुंबईतच खेळून २००९ मध्ये ते मुंबई एफसीचे कोच झाले. तुटपुंज्या पैशात ती टीम त्यांनी सात वर्षं आय-लीगमध्ये, तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, टिकवली. कुपरेजवर त्यांची टीम बघताना लोक कंटाळायचे, मागे बसून खेळतात म्हणायचे. २०१६ मध्ये ते गेले. २०१६-१७ चा मोसम संपला तेव्हा मुंबई एफसी तळाला होती आणि खालच्या विभागात गेली, क्लब पुढे बंदच पडला. आणि जमील? ते आयझॉलला होते, आदल्या मोसमात घसरलेल्या आणि मग परत घेतलेल्या त्या टीमला त्यांनी त्याच मोसमात आय-लीग जिंकून दिली, मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे. पुढे ईस्ट बंगालमध्ये एक मोसम राहिले, चौथा नंबर, निरोप. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते भारताचे कोच झाले. ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरने २-१ ने हरवलं आणि आशियाई कपचा रस्ता बंद झाला. बातम्या त्यांच्या नावाने आल्या. पण त्या गटात बांगलादेशशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून पराभव हे आधीच्या कोचच्या काळातले होते, जमील आले तेव्हा पाच गुण आधीच गेलेले होते. एका माणसाची इतकी चढ-उतार बघितली की मी कुणालाही नुसत्या निकालावरून चांगला-वाईट म्हणत नाही.

कधी तर मैदानाशी काही संबंधच नसतो. २०२५ च्या जुलैत आयएसएलचा मोसमच थांबवला गेला, कारण फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपणार होता आणि पुढचं ठरलं नव्हतं. अनेक कोच टीम तयार करून बसले होते.

आता तुमच्या क्लबकडे वळतो. रविवारी ठरावावर बोलण्याआधी सहाही मॅचची माहिती मागवा. ठरलेले अकरा किती मॅचमध्ये पूर्ण होते? समोरच्या टीम कोणत्या होत्या? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोल कधी खाल्ले. शेवटच्या वीस मिनिटांत खाल्ले असतील तर दम कमी पडतोय. कॉर्नर-फ्रीकिकवर खाल्ले असतील तर ते आठवड्याभरात सुधारता येतं. मागे मोकळ्या जागेत लांब चेंडू पडून खाल्ले असतील, आणि माझा अंदाज हाच आहे, तर दोष कोचचा नसून तुमच्या टर्फचा असू शकतो.

हे नीट समजून घ्या. ऐरोली ते खारघर, आपल्याकडे संध्याकाळी भाड्याने मिळतो तो जाळी लावलेला छोटा टर्फ, पाच किंवा सात जणांचा. त्यावर मुलं चपळ होतात, पायात चेंडू छान राहतो. पण तिथे ऑफसाइडची रेषा धरता येत नाही, चाळीस मीटरचा पास देता येत नाही, कारण चेंडू वरच्या जाळीला लागतो. गोलकीपरला उंच चेंडूचा अंदाजच येत नाही. मग मॅचच्या दिवशी पूर्ण मैदानावर अकरा जण उतरतात आणि बॅक लाइन कुठे उभी राहायची हे कुणाला कळत नाही. मी हे माझ्याच टीममध्ये दोन मोसम भोगलंय. महिन्यातून दोन रविवार पहाटे मोठं मैदान मिळवलं आणि खाल्लेले गोल निम्म्यावर आले. नवा कोच आणलात आणि टर्फ तोच ठेवलात, तर साप समजून भुई धोपटल्यासारखं होईल.

आता काढायची कारणं. कोच जखमी मुलाला दुखणं लपवून खेळवत असेल, तर लगेच काढा. मुलांना शिव्या देत असेल, हात उगारत असेल, तर लगेच काढा, मग टीम पहिल्या नंबरावर का असेना. पैशात गडबड असेल तरी. यानंतरचं कारण बारकाईने बघावं लागतं: खेळाडूंनी त्याचं ऐकणं सोडलंय का. ते निकालात दिसत नाही, सरावाच्या हजेरीत दिसतं. तीन महिन्यांचं हजेरीपत्रक बघा. नोकरी करणारी, शिफ्टमधली पोरंही धडपडत येत असतील तर टीम अजून त्याच्या मागे आहे. जवळ राहणारीच गायब व्हायला लागली असतील तर गाडी फार पुढे गेलीय. एका सरावाला स्वतः जाऊन कडेला उभे राहा. तो चूक थांबवून दाखवतो, की नुसता ओरडतो? मुलं त्याला प्रश्न विचारतात का? माझ्या अनुभवात पोरं कोचशी भांडतात तोवर आशा असते. ती गप्प झाली की मी स्वतःहून बाजूला झालोय, एकदा.

कोचलाही बैठकीत बोलवा आणि पुढच्या चार मॅचसाठी तो काय बदलणार हे विचारा. ज्याला आपल्या टीमचं दुखणं माहीत असतं तो नेमकं सांगतो, डावा बॅक बदलतो, दोन स्ट्रायकरऐवजी एक खेळवतो, अमुक दोघांना विश्रांती देतो. ‘पोरांनी मन लावलं पाहिजे’ एवढंच उत्तर आलं तर मात्र मी काळजीत पडेन.

आणि तरीही काढायचं ठरलं, तर दोघांनी त्याच्या घरी जाऊन सांगा. मला एका क्लबने फोनवर काढलं होतं, मी लोकलमध्ये होतो, गाडी वाशीच्या खाडीपुलावर, अर्धं बोलणं ऐकूच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी मी घरी बसून होतो आणि मुलांचे मेसेज येत होते, सर कुठे आहात. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पोरांचा निरोप घ्यायला त्याला एक संध्याकाळ द्या.

राहिलं मानधन. दोन महिने पैसे न मिळालेला माणूस आठवड्यातून तीन संध्याकाळी तुमच्या टर्फवर येतोय, हे बैठकीत सगळ्यांना कळायला हवं, आणि ते सांगणं खजिनदार म्हणून तुमचंच काम आहे. ठराव पास होवो किंवा पडो, शनिवारीच त्याच्या खात्यात पैसे भरा.